थाप पोराची, स्पीकर साउंडवाल्याचा: एका फाटलेल्या कोनचं पोस्टमॉर्टेम

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: "दादा, पेट तर निघाली, पण टॉपिक कुठून आणायचा?" टॉपिक आणायची काही दुकानं नाहीत. म्हणून आज टॉपिक कसा निवडावा यावर प्रवचन देत नाही, एक घडलेली गोष्ट सांगतो. ती माझ्या पीएच.डी.च्या विषयाशी थेट जोडलेली नाही (मी पदार्थविज्ञानाचा, पातळ थरांवर काम करतो), पण प्रश्न कसा तयार होतो आणि पुरावा कसा वाया जाऊ शकतो, हे मला त्यात जेवढं कळलं तेवढं कोर्सवर्कच्या सहा महिन्यांत कळलं नव्हतं.

तर झालं असं. १४ एप्रिलच्या आगेमागे आपल्या अकोल्यात वस्तीवस्तीत भीमगीतांचे कार्यक्रम असतात. माझ्या मित्राच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारा एक पोरगा आहे, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा. पाच तारांचा बेस, आणि यूट्यूबवर पाहून शिकलेली स्लॅपची पद्धत: अंगठ्याने तारेवर थाप मारायची, बोटाने तार खेचून सोडायची. तिसऱ्या गाण्याला त्याने जोरात सोलो घेतला, पब्लिकने शिट्ट्या मारल्या, आणि बेसच्या पेटीतून 'फट्ट' असा आवाज आला. त्यानंतर नुसती घरघर.

साउंडवाल्याने तिथल्या तिथे निकाल दिला, "तुमच्या पोट्ट्यानं फाडला." रिकोनिंगचा खर्च साडेतीन हजार. पोराला एका कार्यक्रमाचे हजार रुपये मिळतात. म्हणजे साडेतीन कार्यक्रम फुकट वाजवायचे, आणि त्याच पैशातून त्याची परीक्षा फी जायची होती.

आता गंमत बघा. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चार जणांची चार मतं. साउंडवाला म्हणे थापेमुळे. कीबोर्डवाला म्हणे अॅम्प कमी वॅटचा होता, ३०० वॅटचा अॅम्प आणि ४०० चा स्पीकर, कमी वॅटचा अॅम्प 'क्लिप' होतो आणि स्पीकर जाळतो. माझा मित्र म्हणे उलट, आवाजच जास्त ठेवला होता. आणि रिपेअरिंगवाले काका म्हणाले, "अरे बावा, एप्रिलचा अकोला हाय. माणसं वितळून राहिली, कॉइल कायले टिकते?"

चारही मतं ऐकायला बरोबर वाटतात. संशोधनात इथूनच सुरुवात होते. चार मतांपैकी आवडतं मत निवडायचं नसतं. प्रत्येक मत खरं असेल तर मागे कोणती वेगवेगळी खूण उरेल, हे विचारायचं असतं. खूण एकच उरत असेल तर कितीही वाद घाला, उत्तर मिळणार नाही.

स्पीकर मरतो दोनच रोगांनी

आधी थोडं यंत्र समजून घेऊ. आज आपण वापरतो तो कॉइल हलणारा स्पीकर १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी मांडला, आणि शंभर वर्षांत त्याचा सांगाडा फारसा बदललेला नाही. मॅग्नेटच्या अरुंद फटीत एक तांब्याची (किंवा अॅल्युमिनियमची) कॉइल, ती एका नळीवर गुंडाळलेली. या नळीला फॉर्मर म्हणतात. फॉर्मर कोनला चिकटलेला. त्याला मध्यावर ठेवायला मागे पिवळसर, वळ्यावळ्यांचा कापडी 'स्पायडर', आणि कोनच्या बाहेरच्या कडेला 'सराउंड'. करंट गेला की बल तयार होतं, कोन पुढे-मागे हलतो. बारावीचंच भौतिकशास्त्र.

हा स्पीकर मरतो तो एकतर उष्णतेने किंवा जास्त हालचालीने. तिसरा रोग जवळजवळ नाही.

उष्णतेचं आधी. स्पीकर हे फार वाया घालवणारं यंत्र आहे. एक वॅटला एक मीटरवर ९५ डेसिबल देणारा स्पीकर चांगला समजतात, आणि त्याची कार्यक्षमता भरते सुमारे २ टक्के. म्हणजे ३०० वॅट दिले तर ६ वॅटचा आवाज, आणि २९४ वॅटची शेगडी. ती शेगडी एका बोटभर उंचीच्या कॉइलमध्ये पेटलेली असते. चिकटवलेला गोंद आधी मऊ होतो, वेटोळी सुटतात, मग जळका वास येतो.

हालचालीचं गणित मात्र बहुतेकांना माहीत नसतं. सारख्याच मोठ्या आवाजासाठी वारंवारता निम्मी केली की कोनला चौपट हलावं लागतं. बेसच्या डी तारेवर दुसऱ्या पडद्यावरचा ई सूर ८२ हर्ट्झचा. समजा त्याला कोन २ मिलिमीटर हलतो. त्याच जोराने मोकळी ई तार, ४१ हर्ट्झ, हवी असेल तर ८ मिलिमीटर. आणि पाच तारांच्या बेसची सगळ्यात जाड बी तार ३१ हर्ट्झच्या आसपास, तिथे १४ मिलिमीटर. बेसच्या बऱ्याच स्पीकरची सुरक्षित हालचाल एका बाजूला ४-६ मिलिमीटरच असते. त्यापुढे कॉइल फटीबाहेर जाते, अजून पुढे फॉर्मरची खालची कड मागच्या लोखंडी प्लेटवर आदळते. 'फट्ट' तो हाच आवाज.

प्रत्यक्षात मूळ सूर तितक्या जोरात कधीच वाजत नाही, आणि सुदैवाने त्याची गरजही नसते. बेसच्या सुरात दुपटी-तिपटीचे सूर भरपूर असतात, आणि मूळ सूर कमी झाला तरी आपला कान त्यांच्यावरून तो 'भरून' घेतो. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच फायदा घ्यायचा आहे.

वॅटचा आकडा काय सांगत नाही

स्पीकरच्या मागे ४०० वॅट लिहिलेलं असतं. तो आकडा येतो कुठून? एईएस या ध्वनी अभियंत्यांच्या संस्थेची १९८४ ची एक चाचणी आहे: ठरावीक पट्ट्यातला गुलाबी नॉइज, ज्याची शिखरं सरासरीच्या ६ डेसिबल वर, तो दोन तास स्पीकरला द्यायचा. टिकला तर तेवढे वॅट. म्हणजे हा मुख्यतः उष्णतेचा आकडा झाला. पेटीत बसवल्यावर ३० हर्ट्झला कोन किती मिलिमीटर पळेल, याबद्दल तो काहीच सांगत नाही. उष्णतेच्या हिशोबाने ४०० चा असलेला स्पीकर खालच्या सुरांवर त्याच्या एका छोट्या हिश्श्यातच हालचालीची हद्द ओलांडू शकतो.

आणि पेटी. आपल्याकडच्या बहुतेक बेसच्या पेट्यांना पुढे भोक असतं, म्हणजे पोर्ट. पोर्ट एका ठरावीक वारंवारतेला जुळवलेला असतो. त्या वारंवारतेच्या जवळ पोर्टमधली हवाच बराचसा आवाज काढते, कोन जवळजवळ थांबतो. फार हुशार योजना आहे. पण त्याच्या खाली उतरलात की पोर्टमधून हवा नुसती ये-जा करते, कोनला मागून कसलाच आधार उरत नाही, आणि तो मोकाट सुटतो. बंद पेटीत निदान आतली हवा स्प्रिंगसारखी धरून ठेवते. १९६९ च्या प्रसिद्ध अँपेग एसव्हीटी या ३०० वॅटच्या अॅम्पसोबतची पेटी बंद होती, आणि आत दहा-दहा इंची आठ स्पीकर. आठ जणांत काम वाटलं की प्रत्येकाला थोडंच हलावं लागतं.

पेटीचं हे गणित नेविल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९६१ मध्ये मांडलं. तिथल्याच नियतकालिकात छापून आलं आणि बाहेर फारसं कोणी पाहिलं नाही. पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते वाढवलं, १९७१ मध्ये मूळ लेख अमेरिकेत पुन्हा छापला गेला, आणि आज जगातली प्रत्येक स्पीकर कंपनी 'थील-स्मॉल' आकडे देते. पहिल्या पेपरला सायटेशन नाही म्हणून रडणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) हे वाचून ठेवावं.

आता थापेकडे

स्लॅपची पद्धत रूढ केली ती लॅरी ग्रॅहम याने. आईसोबत वाजवायचा, ड्रमर नव्हता, म्हणून ड्रमची उणीव अंगठ्याच्या ठोक्याने भरून काढली असं तो सांगतो. म्हणजे ही पद्धत जन्मापासूनच तालवाद्याची आहे, आणि स्पीकरलाही ती तालवाद्यासारखीच लागते. बोटाने वाजवलेला सूर हळूहळू फुगतो. थापेत पहिल्या काही मिलिसेकंदांत उंच शिखर येतं आणि लगेच उतरतं. शिखर सरासरीच्या १२ डेसिबल वर गेलं तर व्होल्टेज चौपट, शक्ती सोळा पट. सरासरी ३० वॅट वाजतोय असं वाटत असताना क्षणभर ४८० वॅट मागितले जातात. शिवाय अंगठा तार आत ढकलतो, त्या धक्क्यात सुराच्याही खालचा एक 'धब्ब' असतो, जो कानाला ऐकू येत नाही पण कोनला हलवतो.

पण इथे थांबा. अशा क्षणिक शिखराने कॉइल जळत नाही. कॉइल तापायला सेकंद लागतात, मॅग्नेट तापायला मिनिटं. म्हणून थाप जर गुन्हेगार असेल तर तिची खूण हालचालीची असली पाहिजे, जळल्याची नाही. कीबोर्डवाल्याच्या क्लिपिंगचं उलट. अॅम्प क्लिप होतो तेव्हा शिखरं कापली जातात, सरासरी वर सरकते. पूर्ण चौकोनी लाट झाली तर त्याच शिखराच्या साइन लाटेच्या दुप्पट शक्ती, म्हणजे ३०० चे ६०० पर्यंत. त्याने जाळलं असेल तर कॉइल काळी पडलेली हवी. ('कमी वॅटचा अॅम्प स्पीकर जाळतो' हे वाक्य अर्धवट आहे. जाळते ती एकूण सरासरी शक्ती. ५० वॅटचा अॅम्प कितीही क्लिप करा, ४०० च्या बेस स्पीकरचं काही बिघडत नाही. नाजूक ट्वीटरची गोष्ट वेगळी.)

काकांच्या गरमीचंही बघू. रात्री मंडपात ३८-४० अंश असेल. पुण्यात समजा २७. फरक १२-१३ अंशांचा. कॉइलला मात्र सभोवतालापेक्षा दीडशे-दोनशे अंश वर तापायची मुभा असते. म्हणजे अकोल्याचा हात लागलाच तर सहा-आठ टक्के. आपल्या उन्हाला एवढं कमी श्रेय देताना मलाही वाईट वाटलं.

उकिरड्यातला पुरावा

हे सगळं वहीत लिहून मी काकांच्या दुकानात पोचलो तोवर त्यांनी जुना कोन कापून, नवा बसवून टाकला होता. जुना कोन कुठे? बाहेरच्या कचऱ्यात. मी तो शोधून काढला तेव्हा काका हसत होते. "पीएचडीवाले असेच रायतेत काय रे?" हो काका, असेच. पण ही माझीच चूक होती. नमुना हातात नसताना दोन दिवस गृहीतकं लिहीत बसलो. आधी नमुना ताब्यात घ्या, फोटो काढा, मग वाचन करा.

अशा वेळी काय पाहायचं ते सांगतो. स्पीकर उघडण्याआधी मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा धडका स्पीकर साधारण ५.५ ते ७ ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली किंवा कॉइलपर्यंत येणारी वेणीची तार तुटली. मग दोन्ही हातांनी कोन समान दाबा. खरखर लागली तर कॉइल वाकडी झाली. उघडल्यावर कॉइलचा रंग, वास, आणि फॉर्मरची खालची कड.

आमच्या कोनची कॉइल स्वच्छ तांबूस होती. वास नाही, वेटोळी जागेवर. फॉर्मरची खालची कड मात्र एका बाजूने चेपलेली, आणि स्पायडर गोंदापासून अर्धा सुटलेला. म्हणजे क्लिपिंग बाद, गरमी बाद. कोन मागे जाऊन आदळला होता. आणि एकदाच नाही, कारण चेपल्याच्या खुणा एकावर एक होत्या.

साउंडवाला जिंकला, असं वाटलं ना? मलाही वाटलं. पोराचं तोंड उतरलं. पण 'हालचालीने फाटला' आणि 'पोराच्या थापेने फाटला' ही दोन वेगळी विधानं आहेत, हे मला रात्री झोपताना सुचलं. जास्त हालचाल व्हायला जोर लागतो हे खरं, पण तेवढा जोर कोणत्या सुरांत, कोणत्या पेटीत आणि कोणत्या बटणांतून गेला?

म्हणून दुसरी फेरी. त्याच मॉडेलची साउंडवाल्याकडची दुसरी पेटी घेतली. १ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावून मोबाइलवरच्या जनरेटरने २० ते १५० हर्ट्झ हळूहळू फिरवले आणि स्पीकरवरचं व्होल्टेज मोजलं. पोर्टच्या पेटीत दोन उंचवटे येतात, त्यांच्या मधली दरी म्हणजे पोर्टची जुळणी. आमची दरी ५० च्या आसपास. पोराची बी तार ३१ ची. सरळसरळ मोकाट भागात. मग अॅम्पची बटणं पाहिली: कार्यक्रमाच्या दिवशी बेस पूर्ण उघडा, वरून 'डीप' नावाचं बटण दाबलेलं. बेस १२ डेसिबलने वाढवला की त्या पट्ट्यात शक्ती सोळा पट, हे आत्ताच पाहिलं. आणि खालचे निरुपयोगी सूर कापणारा हाय-पास फिल्टर मिक्सरवर होता, पण बंद. बटणं साउंडवाल्याच्या माणसाने लावली होती, 'पब्लिकला छातीत वाजलं पाहिजे' म्हणून.

शेवटी पोराचा तोच सोलो रेकॉर्ड केला आणि कमी आवाजात पेटीतून परत वाजवला, फिल्टरसह आणि फिल्टरविना. हालचाल मोजायला लेझर नव्हता. एक जुनी युक्ती आहे: कागदावर लांबट त्रिकोण काढून कोनला आडवा चिकटवायचा, कोन हलला की त्रिकोणाच्या दोन अंधुक प्रतिमा दिसतात, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथली त्रिकोणाची रुंदी म्हणजे हालचालीचा आवाका. त्याच थापा, तोच जोर, ४० हर्ट्झचा तीव्र उताराचा फिल्टर लावला की हालचाल निम्म्याहून कमी. डोळे मिटून ऐकणाऱ्या तिघांना फारसा फरक कळला नाही. कान भरून घेतो म्हटलं होतं, ते हेच.

पोरगा पूर्ण निर्दोष नाही, हेही सांगतो. त्याच्या बेसचा पिकअप तारेला फार जवळ होता, आणि तो मनगटाऐवजी कोपरातून मारायचा. पिकअप दोन पेच खाली घेतला, हात हलका करून आवाज अॅम्पवरून वाढवला, तर थापेचा खणखणीतपणा उलट वाढला.

आता त्यांनी जे लावून घेतलं ते असं. पाच तारांसाठी हाय-पास ३५-४० वर, चार तारांचा असेल तरी ३५ च्या खाली काही सोडायचं नाही. मग कॉम्प्रेसर, पण त्याचा अटॅक ५-१० मिलिसेकंद, नाहीतर थापेचा जीवच जातो. त्याच्यामागे लिमिटर. लिमिटर किती व्होल्टला लावायचा हे अंदाजाने ठरवू नका: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ४०० वॅट, ८ ओहम म्हणजे ५६.६ व्होल्ट. पण हा लिमिटर उष्णतेपासून वाचवतो, हालचालीपासून नाही. हालचालीला हाय-पासच. आणि शक्य असेल तर एकाऐवजी दोन पेट्या, कारण तेवढ्याच आवाजाला प्रत्येक कोन निम्माच हलतो. हा सगळ्यात महाग उपाय, म्हणून सगळ्यात कमी वापरला जाणारा.

तुमच्यापैकी कोणाला यात खरोखर एम.एस्सी. प्रोजेक्ट दिसत असेल तर एक सुटा धागा देतो. कॉइलचं तापमान आत थर्मामीटर न घालता मोजता येतं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. थंड असताना ६ ओहम, वाजवून लगेच ७.४ भरला तर कॉइल साधारण ६० अंशांनी तापली. 'लगेच' म्हणजे खरंच लगेच, दोन-चार सेकंदांत ती निवायला लागते. आणि १०० अंश तापली की वाढलेल्या रोधामुळे आवाज जवळजवळ ३ डेसिबल पडतो. मग मिक्सरवाला आवाज वाढवतो, कॉइल अजून तापते. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराकडे कावड येते, गणपती आहेत, जयंती आहे: तासन्‌तास चालणाऱ्या पेट्यांची आपल्याकडे कमी नाही. मोजमाप घ्यायला कोणाच्या परवानगीपेक्षा साउंडवाल्याशी मैत्री जास्त लागते.

एकच नमुना होता, हे विसरू नका. एका कोनवरून 'अकोल्यातले स्पीकर हाय-पासअभावी फाटतात' असं मी लिहिलं तर व्हायवात मला पहिल्याच मिनिटाला बसवतील. मी म्हणू शकतो एवढंच: हा एक कोन उष्णतेने गेला नाही, आणि ज्या बटणांनी तो वाजत होता त्यांनी थापेचा धक्का कितीतरी वाढवला.

साउंडवाल्याला आम्ही तो त्रिकोणाचा व्हिडिओ दाखवला. त्याने दोनदा पाहिला, मग मिक्सरवर जाऊन ते बटण स्वतः दाबून बघितलं. साडेतीन हजारांचे सतराशे पन्नास झाले, बाकीचे त्याने सोसले. पोराची फी वेळेत भरली गेली. कापलेला कोन माझ्या टेबलावर आहे, आणि 'डीप' बटणावर साउंडवाल्याने काळी टेप चिकटवली आहे.